नसलेला खडा

जालन्याच्या लॅबमधल्या माणसानं माझा आकडा मोठ्यानं वाचला. "अकरा पॉइंट सहा," तो म्हणाला, आणि रिपोर्टचं पाकीट माझ्याकडं सरकवत पुढं म्हणाला, "नॉर्मल चारच्या आत असतं काका. डॉक्टरांना दाखवून घ्या."

बाकावर माणसं बसलेली होती. कुणाची साखर तपासायची होती, कुणाचा ताप. पीएसए म्हणजे पुरुषांच्या एका ग्रंथीची रक्ततपासणी, हे त्यांच्यातल्या कुणालाही ठाऊक नसणार. चार दिवसांपूर्वीपर्यंत मलाही नव्हतं. तरी माझे कान तापले. पाकीट घडी करून मी शर्टाच्या आत, बनियनला लागून ठेवलं.

मी तेव्हा बियाण्यांच्या एका कंपनीत उगवण तपासायच्या विभागात होतो. बदनापूरला घर, जालन्याला नोकरी, येणं-जाणं पॅसेंजरनं. लॉटमधून नमुना काढायचा, बिया मोजून ओल्या कागदात गुंडाळून ठेवायच्या आणि ठरल्या दिवशी कोंब मोजायचे. ज्वारी पंचाहत्तर टक्क्यांना पास, चौऱ्याहत्तरला नापास. एका टक्क्यासाठी गयावया करणारे लोक मी बघितले होते आणि त्यांना मी एकच उत्तर द्यायचो, की मर्यादा मी ठरवलेली नाही. अशा माणसाच्या हातात चारची मर्यादा आणि जवळजवळ तिप्पट आकडा असा कागद पडल्यावर तो दुसरं काय समजणार? लॉट गेला, एवढंच मला समजलं.

त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर सोनोग्राफी होती. तीही करून घ्या, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ती आटोपून मी जिना उतरत होतो आणि खालून माझा मेव्हणा वर येत होता. मेव्हणा म्हणजे बायकोचा थोरला भाऊ. तीर्थपुरीला त्याचं किराणा दुकान आहे. माल भरायला तो जालन्याला येतो, पण त्या दिवशी तो कुणा गावकऱ्याच्या बायकोला दाखवायला घेऊन आलेला होता.

"दाजी! इकडं कुठं?"

त्यानं माझ्या डोक्यावरची सोनोग्राफीची पाटी वाचली. मग माझ्या हाताकडं बघितलं. हात ओटीपोटावर होता. सोनोग्राफीसाठी पोटात पाणी भरून ठेवावं लागतं, आणि ते सोडून आलो तरी मला पुन्हा जावंसं वाटत होतं.

"खडा का?" त्यानं विचारलं.

मी मान हलवली.

एवढंच मी केलं. तोंडानं एक शब्द बोललो नाही. पुढचं सगळं त्या हललेल्या मानेतून झालं.

"मला वाटलंच! तोंडच सांगून राह्यलंय. माझा आठवतो का तुम्हाला? हरभऱ्याएवढा व्हता, बराबर हरभऱ्याएवढा. घाबरू नका दाजी, बिलकुल घाबरू नका. कुळीथ प्या."

मोबाइल तेव्हा मोठ्या लोकांकडंच होते, पण एसटीडी बूथ गल्लोगल्ली होते आणि आमच्या शेजाऱ्यांकडं फोन होता. मी संध्याकाळच्या पॅसेंजरनं बदनापूरला उतरून घरी पोचलो तेव्हा बायकोनं कुळीथ उकळायला ठेवलेले होते.

आमच्या भागात मूतखड्याला मान आहे. बोअरचं पाणी जड, त्यामुळं घरटी एकाला तरी झालेला असतो. खडा झालेला माणूस चारचौघांत कण्हतो, पंगतीत बसल्या बसल्या किती मिलिमीटरचा ते सांगतो, आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही. खडा पडला की तो धुऊन, कापसावर ठेवून काडेपेटीत जपतात. पाहुणे आले की काडेपेटी निघते. पाहुणे तो तळहातावर घेतात, उजेडात धरतात आणि आपल्या घरातल्या खड्याशी तोलून बघतात. मेव्हण्याची काडेपेटी दुकानाच्या गल्ल्यात असते. उधारी मागायला आलेल्या माणसालाही तो ती दाखवतो.

मला जे असावं अशी शंका होती त्याला असा मान नव्हता. एसटी स्टँडच्या मागच्या भिंतीवर जाहिराती रंगवलेल्या असायच्या, मूळव्याध, भगंदर, गुप्तरोग, खात्रीशीर इलाज. माझं दुखणं मला त्या भिंतीवरचं वाटत होतं. आमच्या ऑफिसातल्या एका क्लार्कची ती ग्रंथी काढली होती, तेव्हा कँटीनमध्ये एकजण म्हणाला होता, "आता त्याला बायकांच्या डब्यात बसवा." सगळे हसले होते. मीही चहा पिता पिता हसलो होतो.

जालन्याच्या डॉक्टरांनी औरंगाबादला दाखवायला सांगितलं. घरी मी सांगितलं, खडा मोठा आहे, तिकडं दाखवायचाय. बायको म्हणाली, "मी येते." मी म्हणालो, "कशाला? ऑफिसचं काम पण आहे तिकडं." मुलगी सासरी, मुलगा पुण्याला शिकायला, घरात आम्ही दोघंच. ती एकटी मागं राहिली आणि मी गेलो.

औरंगाबादचे डॉक्टर माझ्या जावयाच्या वयाचे होते. त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. रात्री लघवीला किती वेळा उठता? चार. धार बारीक झाली का? हो. थांबून थांबून होते का? हो. किती महिन्यांपासून? चौदा. मी पटापट उत्तरं देत होतो, आकड्यांचे प्रश्न मला सोपे जातात. मग त्याच आवाजात त्यांनी विचारलं, "पत्नीशी संबंध येतो का? महिन्यातून किती वेळा?"

मी एक आकडा सांगितला. तो खरा नव्हता. खऱ्यापेक्षा बराच मोठा होता. डॉक्टरांनी तो लिहून घेतला आणि मी त्यांच्या पेनाकडं बघत राहिलो. सबंध नोकरीत मी चुकीचा आकडा लिहिला नव्हता आणि इथं दुसऱ्याच्या हातून लिहवून घेतला होता.

मग त्यांनी कुशीवर झोपायला सांगितलं. भिंतीकडं तोंड, गुडघे पोटाशी, पॅन्ट खाली. रबरी हातमोजा ताणल्याचा आवाज आला. "ढिलं सोडा काका, आणखी ढिलं," ते म्हणाले. भिंतीवर औषधाच्या कंपनीचं कॅलेंडर होतं आणि त्यावर एका हसऱ्या कुटुंबाचा फोटो. मी डोळे मिटून घेतले. आतून ते बोट फिरवत होते. तपासणीला दोन मिनिटंसुद्धा लागली नसतील, पण पॅन्टचं बटण लावताना ते माझ्या हाताला सापडेना.

"उजव्या बाजूला थोडं टणक लागतंय," ते हात धुता धुता म्हणाले. "पण आत्ताच काही म्हणता येत नाही. ग्रंथीला सूज असली, जंतू झाले, वयानं ती वाढली, तरी हा आकडा वर जातो. कॅन्सर असला तरी जातो. आधी गोळ्यांचा कोर्स करा, मग परत रक्त तपासू. नाही उतरलं तर तुकडे काढून बघावे लागतील."

"किती टक्के शक्यता आहे?"

"टक्के विचारू नका."

मला टक्क्यांशिवाय काही समजत नव्हतं. परतीच्या गाडीत मी मनानं पन्नास धरले आणि बदनापूर येईपर्यंत ते सत्तर झाले.

गोळ्या चालू असताना घरी खड्याचे उपचारही चालू होते. सकाळी उठल्याबरोबर कुळथाचा काढा, तांब्याभर. अकरा वाजता आणि चार वाजता पाणी, जमेल तितकं. संध्याकाळी परत काढा. बायकोनं जुन्या मलमलच्या धोतराचा तुकडा फाडून मगावर ताणून बांधला आणि तो मग न्हाणीत ठेवला. "त्याच्यातूनच करायची," ती म्हणाली. "पडला तर कळायला पाहिजे. दादाचा असाच घावला."

मी रोज गाळत होतो. दार लावून, नसलेला खडा गाळत होतो. न गाळता नुसतं फडकं ओलं करून ठेवलं असतं तरी चाललं असतं. तेवढं मला जमलं नाही. सांगितलेली गोष्ट मी नेमानं करत होतो, आणि जी सांगायला हवी ती सांगत नव्हतो.

"काय निघालं का?" ती बाहेरून विचारायची.

"नाही."

"निघंल. धीर धरा."

इतकं पाणी पोटात गेल्यावर माझं जे मूळचं दुखणं होतं ते दुप्पट झालं. पॅसेंजरच्या डब्यात मी संडासाच्या दाराशी उभा राहूनच जालन्याला जाऊ लागलो. ऑफिसात खुर्ची दाराजवळ घेतली. सगळ्यांना कारण माहीत होतं आणि सगळे मला सांभाळून घेत होते, कारण खडा कुणालाही होऊ शकतो.

एका रविवारी मेव्हणा तीर्थपुरीहून आला. येताना शेवग्याच्या शेंगा, दुकानातले पाच किलो कुळीथ आणि दोन काडेपेट्या घेऊन आला. एक त्याची. ती उघडून त्यानं माझ्या हातावर खडा ठेवला. तपकिरी, खरखरीत, एका बाजूनं टोकदार.

"बघा! ह्यानं मला किती रडवलं. आन् आता बघा कसा गरीब होऊन बसलाय."

मग दुसरी काडेपेटी माझ्यासमोर ठेवली. ती रिकामी होती, आत नवा कापूस.

"ही तुमच्यासाठी. तुमचा पडला का हिच्यात ठिवायचा, आन् मंग आपण दोन्ही शेजारी शेजारी ठिवून बघू, कोणाचा बाप मोठा हाय ते."

बायको हसली. "दादा, तू तर शर्यतच लावली."

"मंग! दाजींचा मोठा निघाला तर मी जेवण देतो सगळ्यांला."

मी पण हसलो. रिकामी काडेपेटी तिनं देवघराच्या फळीवर ठेवली आणि ठेवता ठेवता भावाला सांगितलं, "मी राजूरच्या गणपतीला बोलले. खडा पडेपर्यंत चतुर्थी धरणारे. पाण्याचा थेंब घेणार न्हाई चंद्र निघेपर्यंत." मला हे तेव्हाच कळलं. तिला पित्ताचा त्रास आहे. कडक उपासाच्या दिवशी तिचं डोकं इतकं दुखतं की तिला उजेड सहन होत नाही.

त्याच वेळी बोलायला हवं होतं. मेव्हणा निघून जाईपर्यंत थांबू म्हटलं. तो गेला, आणि मग मी दुसऱ्या तपासणीचा आकडा येईपर्यंत थांबू म्हटलं.

दुसरा आकडा दहा पॉइंट नऊ आला. सहा टक्के उतरला होता. सहा टक्क्यांचा आनंद मी औरंगाबादच्या दवाखान्याच्या पायऱ्या चढेपर्यंत पुरवला. डॉक्टरांनी कागद बघून मान हलवली आणि बायोप्सीची तारीख दिली, गुरुवारची. मागच्या वाटेनं एक नळी घालतात, तिच्यातून सुई मारतात आणि ग्रंथीच्या वेगवेगळ्या भागांतून आठ बारीक तुकडे काढतात. त्यांनी हे सांगितलं आणि मला परखी दिसली. परखी म्हणजे टोकदार पोकळ नळी; पोत्यात खुपसली की त्या जागेचे दाणे तिच्यातून बाहेर येतात. वरून स्वच्छ दिसणाऱ्या पोत्यांतून किडके दाणे काढून दाखवणं हे माझं रोजचं काम होतं. नळी पोत्याला काय वाटतं हे विचारून घालत नाहीत.

बाहेर टेबलावर एक बाई होत्या, तारखा लिहून घेणाऱ्या. त्या म्हणाल्या, "घरचं माणूस पाहिजे सोबत. सही लागते, आणि जाताना एकटं सोडत नाही आम्ही."

"मित्र चालेल का?" मी विचारलं.

"बायको नाही का?"

"आहे."

"आजारी आहे?"

"नाही."

"मग?" त्यांनी मान वर केली. मागं रांग होती. मी म्हणालो, "आणतो." आणि खाली उतरलो.

तारीख गुरुवारची होती आणि त्याच आठवड्यात मंगळवारी चतुर्थी येत होती, अंगारकी. बायकोनं राजूरला जायचं ठरवलेलंच होतं. मी मनाशी हिशोब केला, की मंगळवारच्या आत सांगितलं तर ती राजूरला खरं ते मागेल. मंगळवारनंतर सांगितलं तर दोन दिवस उरतील. सांगितलंच नाही तर रेल्वे स्टेशनवरच्या एखाद्या ओळखीच्या रिक्षावाल्याला भाऊ म्हणून न्यावं लागेल. शेवटच्या पर्यायाचाही मी खरोखर विचार केला. रिक्षावाला कोण, तेसुद्धा ठरवलं होतं. सोमवार गेला.

मंगळवारी सकाळी ती आंघोळ करून तयार झाली तेव्हा तिच्या हातात पाच लिटरची पाण्याची कॅन होती.

"एवढं पाणी?"

"तुमच्यासाठी. बारी लई मोठी राहते आज. उन्हात पाणी तुटलं का खडा अडकतो, दादा म्हणलाय."

ती स्वतः आदल्या रात्रीपासून पाणी प्यालेली नव्हती.

जालन्याहून राजूरला काळीपिवळी जीप भरून निघाली. मी काढा पिऊन आलो होतो. वाटेत मला दोनदा जीप थांबवावी लागली. दुसऱ्यांदा बाभळीआडून परत आलो तर मागच्या सीटवरचा एकजण म्हणाला, "मामा, वायसर बदलून घ्या, नळ गळून राह्यला." सगळी जीप हसली. बायको मागं वळून म्हणाली, "खडा हाय त्यांना. तुला झाला म्हंजे कळंल." "माझ्या काकांना पण व्हता," असं म्हणून त्यानं मला खिडकीजवळची जागा दिली.

टेकडीच्या पायथ्यापासूनच दर्शनाची बारी लागलेली होती. बांबू बांधून वळणावळणानं नेलेली, बायका-माणसं एकत्र. आत शिरलं की पुढंही जाता येत नाही आणि मागंही येता येत नाही. ऊन चढत होतं. बायको थोड्या थोड्या वेळानं कॅनचं झाकण उघडायची, त्याच झाकणात पाणी ओतायची आणि माझ्यापुढं धरायची. "प्या." मी प्यायचो. तिचे ओठ सुकून पांढरे पडलेले होते आणि ती मला पाणी पाजत होती.

अर्ध्या वाटेवर मला कळलं की आता धरणार नाही. बाहेर पडायची फट शोधली. दोन्ही बाजूंना बांबू आणि त्यापलीकडं माणसंच माणसं. मी पाय एकमेकांवर दाबून उभा राहिलो. कपाळाला घाम आला. कोंब मोजतो तसे समोरच्या माणसाच्या टोपीचे टाके मोजू लागलो. बारी दोन पावलं सरकली. ती दोन पावलं टाकताना सुटलं.

मांडीवर गरम लागलं, मग पोटरीवर, मग चपलेत. राखाडी पॅन्ट होती. काळा डाग गुडघ्याच्या खाली उतरताना मी स्वतः बघितला. मागच्या पोरसवदा माणसानं खाली बघितलं आणि "अरे, अरे, काका," असं म्हणून तो मागं सरकला. त्याच्या मागची बाई मान काढून बघू लागली.

बायकोनं एकदा खाली बघितलं, एकदा माझ्या तोंडाकडं. मग तिनं कॅन उचलली, माझ्या कमरेला टेकवली आणि उलटी केली. सगळं पाणी माझ्या अंगावरून खाली आलं, पॅन्ट, चपला, जमीन, शेजारच्यांचे पाय.

"मुडदा बसू दे ह्या झाकणाचा!" ती ओरडली. "सरका, सरका जरा बाई. सगळं सांडलं की!"

मागचा मोकळेपणानं हसला. "मावशी, देवाच्या आधी काकांनाच आंघोळ घातली का?"

"मंग! घरचा देव आधी," ती म्हणाली, आणि माझं मनगट धरून, बांबूखालून वाकवून मला बाहेर काढलं.

नारळाच्या दुकानांच्या मागं एक अर्धवट बांधलेली भिंत होती. तिच्या सावलीत तिनं मला बसवलं आणि पिशवीतून पंचा काढून दिला. शेजारी बसली आणि डोकं दोन्ही हातांत धरलं. तिचं डोकं दुखायला लागलं होतं.

"खडा नाही मला," मी म्हणालो.

"पडला?" तिनं वर बघितलं.

"पडला नाही. नव्हताच."

मग मी सांगितलं. ग्रंथी, आकडा, गोळ्या, दुसरा आकडा, टणक लागलेली बाजू, गुरुवार. जमिनीकडं बघून सांगितलं. संपल्यावर ती म्हणाली, "आन् मी सकाळी उठून उठून कुळीथ उकळून राह्यले, ते?"

"पीत होतो."

"ते फडकं?"

"गाळत होतो."

"कशाला?"

तिच्या तोंडून हसण्यासारखा एक आवाज निघाला आणि तिनं पदर तोंडाला लावला. पदर काढला तेव्हा ती हसत नव्हती.

"कामून न्हाई सांगितलं?"

"लाज वाटली."

"कोणाची? माझी? दोन लेकरं झाली माझ्यापासून, आन् लाज माझीच?"

"तुझी नाही. त्या जागेची."

"जागा काय माझ्या वळखीची न्हाई?"

ती हे हळू बोलली नाही. नारळवाला वळून बघू लागला. मी मान खाली घातली. ओल्या पॅन्टला माती चिकटली होती आणि उन्हात आता तिला वास येत होता. ती आणखी जवळ सरकून बसली.

"नाव काय त्याचं? नीट सांगा."

"प्रोस्टेट."

तिनं दोनदा म्हणून बघितलं. "आन् काय निघू शकतं?"

"कॅन्सर. नाहीही निघणार कदाचित."

"किती पाहिजे व्हता आकडा?"

"चारच्या आत."

"आन् तुमचा?"

"पहिल्यांदा अकरा पॉइंट सहा. आता दहा पॉइंट नऊ."

तिनं एकदा टेकडीकडं बघितलं. मग उठली, साडी झटकली.

"बसा हितंच. चपला सांभाळा माझ्या."

"कुठं चाललीस?"

"बारीत. मी देवाला चुकीचं सांगून ठिवलंय."

"अगं, पार शेवटून लागावं लागेल. संध्याकाळ होईल."

"होऊ दे. उपास तसाबी चंद्रापर्यंत हाय."

तिला निदान घोटभर पाणी घे म्हणावं म्हणून मी कॅन उचलली. ती रिकामी होती. भरलेली असती तरी ती प्याली नसती. ती अनवाणी चालत गेली आणि बारीच्या शेपटाला लागली. मी भिंतीला टेकून बसलो, तिच्या चपला मांडीशी घेऊन. दुपारभर बसलो. पॅन्ट वाळली. येणारे-जाणारे मला हार-नारळाच्या दुकानाचा राखणदार समजत असतील. त्या भिंतीपाशी मला जी लाज वाटली तिचं दुखण्याशी काही घेणं-देणं नव्हतं. आपल्या दुखण्याचा बोजा नको म्हणून तिला दूर ठेवलं, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. खरं असं होतं, की कॅलेंडरासमोर कुशीवर झोपलेला मी तिला माहीत होऊ नये, एवढंच मला हवं होतं. त्यासाठी तिला उपाशी ठेवलं.

ती परत आली तेव्हा दिवे लागत होते. कपाळाला अंगारा. चेहरा ओढलेला.

"काय सांगितलंस?"

"खड्याचं रद्द केलं."

"आणि?"

"गुरवारी मी संग जाऊन राह्यले, तेवढं सांगितलं."

आणखी काही मागितलंस का, असं मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं बूथवरून भावाला फोन केला. तो संध्याकाळच्या गाडीनं येऊन हजर. काडेपेटीचा विषय नाही, शर्यत नाही. मग म्हणाला, "दाजी, मला तरी सांगायचं. मी काय कोणाला सांगितलं असतं का?" सगळ्या तीर्थपुरीला माझा खडा तोंडपाठ होता. बायकोनं त्याच्याकडं नुसतं बघितलं, तेव्हा तोही ओशाळून हसला.

तुकड्यांत काय निघालं ते इथंच सांगून टाकतो. आठांपैकी दोनांत कॅन्सर निघाला. वेळेत निघाला, असं डॉक्टर म्हणाले. पुढं ऑपरेशन झालं, इतकी वर्षं झाली आणि मी अजून दर वर्षी आकडा काढतो आहे, त्यावरून ते खरं असावं. पण मला ज्याची सर्वांत जास्त धास्ती होती तो रिपोर्ट नव्हता. तो प्रसंग गुरुवारी सकाळीच होऊन गेला.

औरंगाबादच्या दवाखान्याचा हॉल भरलेला होता. सकाळच्या गोळ्या बायकोनं रिकाम्या काडेपेटीत, कापसावर ठेवून आणल्या होत्या. घरात दुसरी लहान डबी सापडली नाही, असं ती म्हणाली. टेबलावरच्या त्याच बाईंनी माझ्याकडं बघितलं, मग तिच्याकडं.

"पेशंटचं कोण तुम्ही?"

"बायको."

"कशासाठी आणलंय, माहितीये ना? सही करायच्या आधी विचारावं लागतं."

मी तिच्या दंडाला हात लावला. हळू बोल, असं मला म्हणायचं होतं. तिला ते कळलं असणार, कारण तिनं माझा हात बाजूला केला.

"प्रोस्टेटची तपासणी हाय," ती म्हणाली. घरात ज्या आवाजात बोलते त्याच आवाजात. "मागून सुई घालून तुकडे काढणारेत. कॅन्सर हाय का न्हाई ते बघायला."

हॉलमधली बोलणी थांबली. मी फरशीकडं बघितलं. कान तापले, पहिल्या दिवशी लॅबमध्ये तापले होते तसेच. सवयीनं माझा हात शर्टाच्या आत गेला, तिथं आता काही पाकीट नव्हतं. तिनं पेन घेतलं आणि एक एक अक्षर जुळवत सही केली. तिला वेळ लागतो.

मी बाकावर जाऊन बसलो. शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते, पटकेवाले, हातात काठी. ते काठीवर हनुवटी टेकून ऐकत होते. थोडे सरकले आणि माझ्या कानाशी वाकून कुजबुजले, "मलाबी तेच सांगितलंय. पोराला म्हणलो, मूळव्याध हाय."

मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांचा मुलगा दाराशी उभा होता, हातात ताकाची बाटली घेऊन.

"ताक पाजून राह्यलाय पंधरा दिवस," म्हातारे म्हणाले.

माझ्या नावाचा पुकारा झाला. बायको सही संपवून माझ्या मागं येऊन उभी होती, म्हाताऱ्यांचं सगळं तिनं ऐकलं होतं. माझा चष्मा तिनं काढून घेतला. आत जायच्या आधी मी म्हाताऱ्यांना म्हणालो, "सांगून टाका." पण मी ते इतक्या हळू म्हणालो की त्यांना ऐकू गेलं नाही, आणि त्यांनी "काय?" म्हणून विचारलं, तेव्हा सगळ्यांच्या देखत ते मोठ्यानं परत म्हणायला मला जमलं नाही. बायको म्हणाली, "तुम्ही जा आत. मी बोलते त्यांच्या लेकाशी."